खाली गेलेल्याचा बिल्ला

खाणीच्या दिवाघराची खिडकी ती केवढी, तिच्यातून एक हात जेमतेम आत यायचा. त्यामुळे कुल्याशला माणसांची तोंडं फारशी ठाऊक नव्हती. हात ठाऊक होते, आणि आवाज. नखं काळी तर सगळ्यांचीच. पण अंगठ्याचं पेर तुटलेला हात आत आला की तो तोलेगेन, आणि तोलेगेन आला म्हणजे तोंडाला सुट्टी नाही.

"आपा, आज जरा बरा दिवा दे. कालचा बायकोसारखा होता, ऐन वेळी डोळे मिटले त्याने."

"सांगू का तिला?"

"सांग की. माझ्याशी बोलत नाही, तुझ्याशी तरी बोलेल."

मागून रांग ओरडायची, "तोल्या, आवर! खाली न्यायचा पिंजरा काय तुझ्या सासऱ्याने बांधलाय थांबायला?" मग पितळी बिल्ला आत यायचा, कुल्याश तो त्याच्या खिळ्याला अडकवायची, आणि दिवा नि श्वासाचा डबा बाहेर सरकवायची. खाली गॅस सुटला तर तो डबा तोंडाला लावायचा, तेवढाच काय तो हवेचा भरवसा. पाळी संपवून माणूस वर आला की दिवा आत, बिल्ला बाहेर.

कारागंदाच्या आसपासच्या आमच्या खाणवस्त्यांत बाईमाणसाला दोनच चांगल्या नोकऱ्या. खानावळ, नाहीतर दिवाघर. खानावळीतलं उरलंसुरलं घरी नेता येतं, दिवाघरात फक्त ऊब मिळते. कुल्याशने ऊब घेतली. नवरा लवकर गेला, खोकून खोकून. मुलगा मेइरजान हाताशी आला आणि त्याच खाणीत विजेच्या कामाला लागला. बाकी तिचं आयुष्य म्हणजे तो खिळ्यांचा फळा, शेजारच्या खिडकीतली लिडा, आणि दुपारचा दूध घातलेला चहा.

चहाबरोबर नकला व्हायच्या. कुल्याश ज्याची नक्कल करी तो माणूस भिंतीआडून आल्यासारखा वाटे. उपव्यवस्थापकाची तर हुकमी. नाक चिमटीत धरायचं आणि म्हणायचं, "सुरक्षितता प्रथम, हो ना, हो ना, पण कोळसा त्याच्याही आधी, हो ना." लिडाच्या नाकातून चहा यायचा. "पुरे गं, मरेन मी," म्हणायची आणि पुन्हा म्हणायची, "आता तोलेगेनची कर."

दिवाघरात एक नियम होता. बिल्ला ज्याचा त्याच्याच हातात द्यायचा. दुसऱ्या कुणासाठी तो खिळ्यावरून उतरवायचा नाही, मग मागायला खुद्द मंत्री येवो. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. तिच्या आधीच्या बाईने तिला तसं सांगितलं होतं आणि सांगताना हातावर चापट मारली होती, म्हणजे विसरायला नको.

तो दिवस वसंतातला. बाहेर बर्फ वितळून काळा चिखल झालेला. आमच्याकडे पाळी खालीच बदलते, कोळशाच्या तोंडाशी, एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात. तशी ती बदलली, खालून वर फोनही आला की पाळी सोपवली. जुनी पाळी लांबच्या बोगद्यातून पिंजऱ्याकडे चालायला लागली. तेवढ्यात टेबलावरचे चहाचे पेले आपोआप किणकिणले.

खाली गॅसचा स्फोट झाला होता. कचेरीत हिशोब झाला. जुन्या पाळीने काम सोपवलंय, म्हणजे ती वर. नवी पाळी खाली. बचावाची माणसं नव्या पाळीच्या जागेकडे धावली.

कुल्याशने फोन उचलला. "साहेब, माझ्या फळ्यावर जुन्या पाळीचेही बिल्ले आहेत."

"आपा, ते न्हाणीघरात असतील, हो ना. घाईत बिल्ले राहिले असतील."

"एकाचा राहील. सगळ्यांचे कसे राहतील?"

"पाळी सोपवल्याचा फोन आलाय, हो ना! आता लाइन मोकळी ठेवा."

न्हाणीघरात कुणी नव्हतं. लांबच्या बोगद्यात जाऊन बघेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. तोलेगेन भिंतीला टेकून बसलेला सापडला. श्वासाचा डबा त्याने नीट उघडला होता, नीट तोंडाला लावला होता. डबा संपून गेला होता. त्याच्या शेजारच्यांचेही.

त्यानंतर कुल्याशने उपव्यवस्थापकाची नक्कल केली नाही. लिडानेही ती करायला सांगितली नाही.

खाण बंद झाली. लिडाला माळापलीकडच्या दुसऱ्या खाणीत दिवाघर मिळालं. उरलेल्यांसाठी खाणकामगारांच्या जुन्या क्लबात एक वर्ग निघाला. नवं काम शिका, कॉम्प्युटरचं. फुकट. वर्गात ऊबही होती. भिंतीवर फावडं उगारलेल्या कामगाराचं अजस्र चित्र, त्याच्या बुटांखाली टेबलं मांडलेली. खडकात छिद्रं पाडायचं यंत्र चालवणारा व्हिक्टर, खानावळीतल्या दोघी, हिशेबनीस, आणि कुल्याश. मास्तर शहरातून यायचा, अर्तूर ओगाय. काटकुळा, कोरियन घरातला पोरगा, मफलर कधी काढायचा नाही, आणि बोलायचा असा की जणू समोर कुणी झोपलंय आणि त्याला उठवायचं नाहीये.

"प्रोग्रॅम लिहायच्या या भाषेत," तो हळूच म्हणाला, "काहीही पुसायचं नसतं. जुनं जसंच्या तसं राहतं. प्रत्येक पायरीला जुन्यावरून नवं करायचं."

व्हिक्टर म्हणाला, "म्हणजे माझ्या बायकोसारखं. जुनं काही पुसत नाही, रोज त्यावरून नवं भांडण."

ओगाय हसला नाही. वहीत मात्र त्याने ते लिहून घेतलं.

पहिला सराव होता जुन्या कॅल्क्युलेटरच्या नकलेचा. कळ दाबली की त्या यंत्राच्या पोटात काय काय होतं, ते सगळं प्रोग्रॅममध्ये बनवायचं, म्हणजे नवं यंत्र जुन्याचं सोंग घेईल. बाकीच्यांच्या नकला शहाण्या निघाल्या, उत्तरं अचूक. कुल्याशने आपल्या घरचं जुनं यंत्र आणून समोर ठेवलं आणि ते जिथे अडखळायचं तिथे आपली नक्कलही अडखळवली, त्याच वेड्यावाकड्या अक्षरांत तक्रार दाखवणारी.

"आपा, त्याच्या चुकासुद्धा घेतल्यात तुम्ही," ओगाय म्हणाला.

"मग? माणसाची नक्कल करताना त्याचं तोतरेपण सोडून चालेल का?"

मग पुढचा सराव, दुभाष्याचा. छोटीशी भाषा आपणच ठरवायची, आणि तिच्यातले हुकूम वाचून ते पाळणारा प्रोग्रॅम लिहायचा. वर्षाच्या शेवटी शहरातल्या एका कंपनीची बाई परीक्षा घेणार होती. ज्यांचा दुभाष्या तिने दिलेलं काम पुरं करील त्यांना तिथे नोकरी, राहायला कंपनीची खोली.

कुल्याशने घरी मेइरजानला ते सांगितलं, तेव्हा तो पावाला लोणी लावत होता. माळापलीकडच्या खाणीत माणसं घेत होते, त्याच्याही कानावर आलं होतं.

"मी शहरात गेले तर तूही चल. तिथे विजेची कामं भरपूर."

"आणि नाही जमलं तर?"

"तर तू तुझं बघ."

"खाली जाईन मग," तो म्हणाला. "परीक्षेपर्यंत थांबतो. शब्द दिला." सुरी लोण्यात तशीच उभी राहिली. परीक्षेला अजून महिने होते, आणि ते महिने घरात बसून काढायचे म्हणजे त्याच्यासारख्याला कठीणच. चहा ओतायला उठला तरी कपाटाला धडक द्यायचा, इतका तो घरात मावत नव्हता.

दुभाष्यात प्रत्येक कामाला स्वतःची जागा लागते, त्याचे आकडे ठेवायला. काम संपलं की जागा मोकळी करायची. वर्गातले बाकीचे इथे आठवडाभर गटांगळ्या खात होते. कुल्याशने सरळ फळा केला. काम खाली गेलं, बिल्ला खिळ्याला. उत्तर घेऊन वर आलं, बिल्ला परत. वापरून बघायला छोटी कामं लिहिली, त्यांना नावं दिली खिडकीतल्या माणसांची. तोलेगेन बेरीज करायचा. बेरीज करून वर यायचा. ती एकटीच गालात हसायची.

मग ओगायने मोठा आकडा दिला. त्यातून एकेक कमी करत शून्यावर जायचं. या भाषेत तेच ते काम पुन्हा फिरवत नाहीत. पहिला एक कमी करतो आणि राहिलेलं दुसऱ्याच्या हातात देतो, दुसरा तिसऱ्याच्या. कुल्याशचा फळा भरत गेला, भरत गेला, आणि यंत्र गप्प झालं.

ओगाय खुर्ची ओढून शेजारी बसला. "आपा, बघा. पहिल्याने काम दुसऱ्याच्या हाती सोपवलं. आता त्याच्याकडे करायला काही उरलंय? नाही. शेवटचा माणूस उत्तर थेट वर देईल. मग पहिल्याचा बिल्ला कशाला अडवून ठेवायचा? सोपवतानाच उतरवायचा."

"तो वर आला का?"

"यायची गरजच नाही. त्याने सोपवलं."

"सोपवलं म्हणजे वर आला असं नसतं, मास्तर."

"प्रोग्रॅममध्ये तसंच असतं, आपा."

व्हिक्टर बुटांकडे बघू लागला. खानावळीतल्या एकीने पदार्थ करपल्यासारखं नाक आवळलं. ओगायला काही समजेना, आणि पोरगा बिचारा अजून हळू आवाजात पुन्हा तेच समजावू लागला. "एकच ओळ आहे. एकदा कुणी धरून ठेवलं नाही की ते आपोआप जातं."

त्याचं बरोबर होतं. तिलाही पक्कं कळत होतं की त्याचं बरोबर आहे. ती ओळ तिला पाठसुद्धा झाली होती. हात मात्र कळांवर जाईनात.

व्हिक्टरने त्याला दाराबाहेर नेऊन सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी ओगाय मफलर हातात घेऊन आला. त्याची मान पहिल्यांदाच दिसली. "आपा, मला माहीत नव्हतं."

"माहीत असतं तर? हिशोब बदलला असतास?"

"नाही."

"मग झालं. घाल तो मफलर, थंडी आहे."

वस्तीत गोष्ट पसरायला काय लागतं? कुल्याशची एक ओळ राहिलीय, एवढंच सगळ्यांना कळलं, कसली ओळ ते कुणालाच नाही. दुकानात बटाटे घ्यायला गेली की, "लिहिली का गं?" बसथांब्यावर, "अजून नाही? एवढी मोठी आहे का?" दुकानदारीण तर काउंटरवर रेलून, दात कोरत, दयाळूपणे म्हणाली, "माझा मेव्हणा शहरात झेरॉक्सच्या दुकानात आहे. दोन मिनिटांत लिहून देईल. नुसतं हो म्हण."

शुक्रवारी गेलेल्यांसाठी तेलात सात शेल्पेक, म्हणजे पातळ पोळ्या, तळायचे, वास त्यांच्यापर्यंत पोचतो म्हणतात. कुल्याश तळायला उभी राहिली की मेइरजान दारात येऊन थांबायचा.

"आई, लिही ना ती ओळ."

"लिहिते."

"मागच्या शुक्रवारीही हेच म्हणालीस."

"शेल्पेक खा. गार होतील."

त्याने एक घेतला, खाल्ला नाही. "ते गेले, आई. यंत्रातून पुसलेस तरी गेले, ठेवलेस तरी गेले. मी इथे आहे." तो असं कधी बोलायचा नाही. कुल्याशने तेलाखालची आच कमी केली. तिथेच त्याने काय ते ओळखलं असावं.

परीक्षेच्या सकाळी ती पहिल्या बसने शहरात गेली. निघताना तो झोपलेला होता, निदान पाठ तरी तशीच होती.

कंपनीची बाई बोतागोझ. बोलणं म्हणजे चालत्या गाडीतून बी पेरल्यासारखं. "बसा, आपा, नाव, हं, छान, हे कॅल्क्युलेटर तुमचं? गोड आहे, आता मोठा आकडा टाकते हां." आकडा टाकला. यंत्र चाललं, चाललं, थिजलं.

बोतागोझचं बोलणं पहिल्यांदाच थांबलं. "का अडकलं, माहितीये तुम्हाला?"

कुल्याशने सांगितलं. कोण कुणाला सोपवतो, कोणाचे बिल्ले उतरायला हवे होते, कुठे, आणि का. एकही शब्द चुकला नाही. खिडकीपाशी ओगाय मफलरात तोंड खुपसून उभा होता.

"सगळं तर कळतंय तुम्हाला! मग केलं का नाही?"

"वेळ मिळाला नाही."

"ओळ एकच आहे ना? मग आत्ता टाका. मी चहा घेऊन येते. नियमात बसत नाही, पण बसवू."

खोलीत ती आणि ओगाय. ओगायने पाठ फिरवली आणि बाहेरच्या बंद कारंज्याकडे असं बघू लागला जणू त्यातून पाणी उडतंय. कुल्याशच्या डोळ्यांसमोर दिवाघराच्या खिडकीची फट आली. तिच्यातून आत येणारा हात. अंगठा धड, मनगटावर वायरीने भाजल्याचा डाग. मेइरजानचा.

तिने ओळ लिहिली.

आकडा पुन्हा टाकला. शून्य आलं, बोतागोझच्या कपातली वाफ जिरायच्या आत. शेवटी फळा दाखवायचा हुकूम कुल्याशने फार पूर्वीच लिहून ठेवला होता, तोही चालला. पडद्यावर आलं, फळा रिकामा.

"झालं की!" बोतागोझ म्हणाली. "सोमवारपासून या. खोलीची किल्ली खाली मिळेल. आपा, रडताय काय, आनंदाची गोष्ट आहे!"

बसमधून तिने मेइरजानला फोन लावला. बंद. पुन्हा लावला, बंद. घरी आली तर दारामागचे जाड बूट जागेवर नव्हते. तेवढ्यात फोन वाजला. लिडा.

"कुल्याश, आधीच सांगते, घाबरायचं नाही. तुझा पोरगा सकाळी आमच्या खाणीत उतरला. बिल्ला मी लावलाय, माझ्या हाताने. माझ्या डोळ्यासमोर आहे."

"त्याने शब्द दिला होता."

"मी विचारलं गं, आईला सांगितलंस का म्हणून. तर म्हणे, मावशी, उशीर होतोय."

शेजाऱ्याची गाडी मागून ती माळ ओलांडून गेली. लिडाने आपला स्टूल दिला आणि स्वतः रिकाम्या खोक्यावर बसली. शेजारची खिडकी बंदच होती, तिथली बाई आजारपणात नोकरी सोडून गेलेली. चहा झाला, कुणी प्यायला नाही. फळ्यावर बिल्ले टांगलेले होते, त्यांतला एक नवाकोरा, अजून पिवळाधमक.

दुपार कलली तशी पाळी वर आली. हात येऊ लागले, दिवे आत, बिल्ले बाहेर. लिडा देत होती. मग मनगटावर डाग असलेला हात आला. एका दिवसात नखं काळी झाली होती.

लिडा बाजूला सरकली. कुल्याशने खिळ्यावरून बिल्ला उतरवला आणि त्या तळव्यावर ठेवला.

"थँक्यू, लिडा मावशी."

"थांबायचं ठरलं होतं," कुल्याश म्हणाली.

हात तसाच राहिला. "आई?"

"परीक्षेपर्यंत, म्हणालास."

"एक माणूस कमी पडत होता. आजच हवा म्हणाले." मग, "तू ती ओळ लिहिणार नाहीस, माहीत होतं मला."

"लिहिली."

मागून कुणीतरी ओरडलं, "ए नव्या, खिडकीत हात रुजला का? पाणी गार होतंय न्हाणीतलं!"

"कधी?" मेइरजानने विचारलं.

"सकाळी. नोकरी मिळाली. सोमवारपासून."

बोटं बिल्ल्याभोवती मिटली, पुन्हा उघडली.

"आता सोड," ती म्हणाली. "चल माझ्याबरोबर. अजून एकच दिवस झालाय."

"चौघांचा गट आहे, आई. मी निघालो तर तिघांवर येतं. पहिल्याच दिवशी पळाला म्हणतील." आवाज त्याच्या बापाचा येत होता, आणि त्याला ते माहीत नव्हतं. "वसंतापर्यंत करतो. मग बघू."

"वसंतापर्यंत," कुल्याश म्हणाली.

हात मागे गेला. दुसरा आला.

सोमवारी ती शहरात गेली नाही. बोतागोझला फोनवर कळवलं, तेव्हा ती घाईघाईत म्हणाली, "अहो पण, आपा, तुमचं तर चाललं होतं!"

"हो, चाललं ना."

"मग काय झालं?"

"इथे एक खिडकी रिकामी आहे," कुल्याश म्हणाली. बोतागोझला यात काय कळणार होतं? तिने शुभेच्छा दिल्या आणि पुढचं नाव बोलावलं.

वर्गाच्या पुढच्या तुकडीला दाखवायला ओगायने तिचा दुभाष्या मागितला. कुल्याशने पाठवला, पण आधीचा, त्या ओळीशिवायचा. त्याचा लगेच फोन आला. नेहमीच्याच हळू आवाजात म्हणाला, "आपा, चुकून जुना आलाय. चालतो तो पाठवा ना."

"हाही चालतो. मोठा आकडा टाकू नकोस म्हणजे झालं."

आता सकाळच्या पाळीला ती लिडाच्या शेजारी बसते. इथले हात तिला अजून पाठ झालेले नाहीत. एकजण रोज तेच विचारतो, नवी आपा गाते का, आणि रांग हसते. नक्कल करण्याजोगा आहे. लिडा डोळ्याने खुणावते, कुल्याश नाही म्हणून मान हलवते. मेइरजान खिडकीशी आला की आई म्हणत नाही, बिल्ल्याचा आकडा सांगतो, सगळ्यांसारखा. ती दिवा देते, श्वासाचा डबा देते. डबा देण्याआधी त्याची झाकणाची कडी दोनदा चाचपते.

मग पिंजरा खाली जातो. लिडा चहा ओतते. कुल्याशने स्टूल भिंतीकडून वळवून घेतलाय, फळ्याकडे तोंड करून.